हरकतीचे एकवीस दिवस आणि वकिलीचे शिक्षण

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर मुंबई-पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग यांची फारकत होते. येथून इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटर रस्त्याच्या चौपदरीकरणास २०११ साली हात घातला गेला. ते काम किती रखडले, हे रायगडच्या प्रवाशाला सांगावयास नको. परंतु ज्यांची शेते महामार्गाखाली जातात, त्यांची गाठ डांबराआधी कायद्याशी पडते. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली संपादनाची अधिसूचना प्रसिद्ध झाली की हरकत घेण्यास अवघे २१ दिवस मिळतात. ठरविलेला मोबदला मान्य नसेल, तर शेतकऱ्याने दिवाणी न्यायालयाकडे नव्हे, तर केंद्र सरकारनेच नेमलेल्या लवादाकडे जावयाचे! त्यानंतर उरते १९९६ च्या लवाद कायद्यातील कलम ३४ ची अरुंद वाट.

१८९४ चा जुना भूसंपादन कायदा याहून दयाळू नव्हता. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोसाठी पनवेल-उरणच्या जमिनी गेल्या त्या याच कायद्याने. मोबदल्याची रक्कम ‘हरकत राखून’ घेतली अशी नोंद न करता ज्याने अंगठा उठविला, त्याचा वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क तेथेच संपत असे. दोन शब्दांवर पिढ्यांची जमीन तोलली जाई. असे दोन शब्द वेळेवर वाचणारा माणूस गावाच्या बाजूने उभा असावा, ही गरज आजही उरतेच. तो माणूस घडावयाचा कोठे? अर्थात जिल्ह्यातील आणि आसपासच्या विधी महाविद्यालयांत.

तेथे काय घडते ते पाहावे. मराठी माध्यमातून पदवी घेतलेला, दिवसा तळोज्याच्या कारखान्यात किंवा उरणच्या गोदामात राबणारा तरुण विधी शाखेला प्रवेश घेतो. त्याच्यापुढे इंग्रजी अधिनियम आणि पन्नास-साठ पानी निकालपत्रे टाकली जातात. निकालपत्र कसे वाचावे, वस्तुस्थिती कोठे संपते, वादाचा मुद्दा कोणता, बंधनकारक तत्त्व कोणते आणि न्यायमूर्तींनी ओघात केलेली टिप्पणी कोणती, हे त्याला कोणी शिकवीत नाही. मग तो बाजारातील गाइड विकत घेतो, व्याख्या घोकतो आणि पास होतो. या घोकंपट्टीची किंमत काळानेच दाखवून दिली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि कलमांचे आकडे पाठ केलेल्यांचे भांडवल एका रात्रीत बुडाले. ज्यांना कायदा वाचावयास शिकविले होते, त्यांचे फारसे बिघडले नाही.

यावर प्रतिष्ठितांचे उत्तर ठरलेले आहे. ज्याला इंग्रजी झेपत नाही त्याने वकिलीच्या वाटेस जाऊ नये. त्याच्यासाठी जादा तास घेतले तर व्यवसायाचा दर्जा घसरेल. ही मखलाशी कोण करते? ज्यांच्या मुलांनी महागड्या शिकवण्या लावून राष्ट्रीय विधी विद्यापीठांची इंग्रजी प्रवेशपरीक्षा दिली, वर्षाला लाखांच्या घरात शुल्क भरले आणि सुट्टीत मामाच्या कचेरीत दावे कसे लिहितात ते पाहिले, ते! शैक्षणिक साहाय्य त्यांनाही मिळतेच. त्यांना मिळते ते संस्कार म्हणून मिरवले जाते, आणि कामगाराच्या मुलाने मागितले की ती मेहेरबानी ठरते. भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेतही, १९६८ मध्ये वंचित विद्यार्थ्यांसाठी विधी शिक्षणापूर्वीचे उन्हाळी वर्ग सुरू करावे लागले. आपल्याकडे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० साली गरीब विद्यार्थ्यांना विधी विद्यापीठांत पोहोचविण्याचा उपक्रम आरंभिला. तो स्तुत्य खरा. पण निवडक मुलांना वरच्या मजल्यावर नेल्याने तळमजल्यावरील वर्ग तसाच राहतो.

चळवळीतील काही मित्रही या प्रश्नाला सोपा फाटा देतात. परीक्षा मराठीत लिहू द्या, प्रश्न मिटला, असे त्यांचे म्हणणे. मराठीचा हक्क निर्विवाद आहे. १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तीही फुकट मिळालेली नाही. तथापि घटनेचे कलम ३४८ जोवर आहे, तोवर उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालणार. केवळ मराठी जाणणारा वकील पनवेल-अलिबागच्या पायरीवर अडतो. केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला सातबारा आणि फेरफार उमगत नाही, आणि पक्षकाराचे दुःखही. शेतकऱ्याला दोन्ही भाषांत लढणारा वकील हवा आणि तो द्विभाषिक अध्यापनातूनच तयार होईल.

रायगडला असे वकील परके नाहीत. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे १९३५ साली प्राचार्य झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीच १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील व्यवसायाने वकीलच होते.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असणे बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी ते फलकापुरते आणि वार्षिक छायाचित्रापुरते उरले आहे. हेच केंद्र पळस्प्यासारख्या गावी न्यावे. तेथे विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या देखरेखीखाली शेतकऱ्यांच्या नोटिसा, निवाडे आणि फेरफार वाचावेत, अर्जांचे मसुदे दोन्ही भाषांत करावेत. यातच वाचन, युक्तिवाद आणि लेखन ही तिन्ही कौशल्ये आली. मात्र त्यासाठी तासिका तत्त्वावर वेठीस धरलेले अध्यापक पुरणार नाहीत. १९८३ पासून राज्यात रुजलेल्या विनाअनुदानाच्या धोरणाने संस्थाचालक गब्बर झाले, वर्ग मात्र ओस राहिले. पूर्णवेळ अध्यापकांचे वेतन शासनाने द्यावे, हे तास वेळापत्रकात असावेत, नोकरी करणाऱ्यांना गैरसोयीच्या वेळी नसावेत, आणि त्यांच्या नावाखाली निराळ्या प्रमाणपत्राचे शुल्क उकळण्यास विद्यापीठाने मज्जाव करावा. अधिसभेच्या निवडणुकीत आपल्या विद्यार्थी आघाडीने शुल्कवाढविरोधाच्या खालोखाल हीच मागणी जाहीरनाम्यात घालावी, आणि तालुका शाखांनी पहिल्या केंद्रासाठी ग्रामपंचायतीची एक खोली मिळवून द्यावी.