लोकमताचे सोंग

आमच्या कळंबला मासळी घेण्यास गेलेला मनुष्य विकणारीच्या शब्दावर सहसा विसंबत नाही. आपली मासळी ताजी आहे असे तिने म्हणावे, यात नवल ते काय? परंतु शेजारचे गिऱ्हाईक ‘काल हिच्याकडूनच नेली होती, चांगली निघाली,’ असे म्हणाले, की त्याची पिशवी आपोआप पुढे होते. कारण त्या गिऱ्हाइकाला खोटे बोलण्याचे प्रयोजन नसते. साक्षीचे मोल साक्षीदाराच्या निःस्वार्थ वृत्तीत असते.

हे मोल ओळखणारे काही व्यापारी साक्षीदारच विकत घेतात. तैवानमध्ये सॅमसंग कंपनीने पैसे देऊन माणसे नेमली. ती सामान्य ग्राहक असल्याचे भासवून इंटरनेटवर तिच्या फोनची स्तुती आणि प्रतिस्पर्ध्याच्या फोनची निंदा करीत. 2013 साली तेथील व्यापार आयोगाने कंपनीला 1 कोटी तैवानी डॉलर दंड केला.

आपल्या देशातील उदाहरण याहून सूक्ष्म आहे. येथे माणसे विकत घ्यावी लागली नाहीत. 2015 साली फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने निवडक संकेतस्थळे विनामूल्य दाखवणारी सेवा सुरू केली. पुढे तिला ‘फ्री बेसिक्स’ हे नाव मिळाले. निरनिराळ्या संकेतस्थळांसाठी निरनिराळे दर आकारणे योग्य आहे काय, याविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्या वर्षीच्या डिसेंबरात जनतेला चार प्रश्न विचारले. तेव्हा फेसबुकने आपल्या सदस्यांपुढे या सेवेच्या समर्थनाचे आयते पत्र ठेवले. कळ दाबताच ते रवाना होई. वृत्तपत्रांत पानभर जाहिरातीही झळकल्या. सेवेचे समर्थन करणारी सुमारे 19 लाख पत्रे प्राधिकरणाकडे पोहोचली; पण त्या आयत्या मजकुरात चार प्रश्नांची उत्तरे नव्हती. अशाने गंभीर विचारविनिमयाचे रूपांतर घडवून आणलेल्या मतमोजणीत होते, असे प्राधिकरणाने जानेवारी 2016 मध्ये कंपनीला कळवले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी अशा भेदभावाच्या दरांना मनाई झाली आणि थोड्याच दिवसांत कंपनीने ती सेवा भारतातून मागे घेतली.

कोणी म्हणेल, ‘पत्रे पाठवणारी माणसे तर खरी होती!’ होती, आणि गरिबाला फुकट इंटरनेट मिळावे, ही त्यांतील अनेकांची इच्छाही प्रामाणिक असेल. आयता मजकूर विरोधी बाजूच्या नागरिकांनीही वापरला होता; मात्र त्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होती. नाव आपले, विचार दुसऱ्याचा आणि प्रश्न वाचलेलाच नाही, अशा पत्रांचा ढीग कितीही उंच झाला, तरी त्यास लोकमत म्हणता येत नाही. लोकमत मोजण्यापूर्वी ते तयार व्हावे लागते आणि ते माहिती, विचार व मतभेद यांतूनच तयार होते.

ग्राहकांच्या बनावट अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली ‘आयएस 19000’ हे मानक तयार केले. हे योग्यच झाले; पण प्रत्येक खोट्या शब्दामागे नियम धावू शकत नाही. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या वस्तूची स्तुती ऐकाल, तेव्हा स्तुती करणाऱ्याचा लाभ कशात आहे, हे आधी पाहा. आणि आयत्या मजकुराखाली आपले नाव घालण्यापूर्वी मूळ प्रश्न स्वतः वाचा. आपले नाव ही कोणालाही उसनी देण्याची वस्तू नव्हे.