विरळ हवा आणि मोटारीचा श्वास

गेल्या वर्षींच्या वैशाखांतील ही गोष्ट. रात्रींचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी सुपारी कातरीत बसली असतां पुतण्यानें खिशांतून एक कागद काढून माझ्यापुढें ठेवला. तें एका दुकानदारानें दिलेलें अंदाजपत्रक होतें. मोटारीच्या एंजिनास हवा पुरविणारी मूळची पेटी काढावयाची, तिच्या जागीं बाहेरून आणलेली रुंद नळी व तेल लावलेल्या कापसाची शंकूच्या आकाराची गाळणी बसवावयाची, आणि त्याकरितां २७ हजार रुपये मोजावयाचे! कारण काय, तर आषाढांत तो आपल्या आईला, म्हणजे माझ्या वहिनींना, घेऊन लडाखला जाणार होता. "तिकडे हवा विरळ असते, काका. एंजिनाचा श्वास कोंडला आणि घाटांत गाडी अडली, तर आईचें काय?"

वहिनींचें वय ७१. माझे वडील बंधु लष्करांत होते. लग्नानंतर लौकरच त्यांस दोन वर्षें लेहला राहावें लागलें. तेथून आलेलीं पत्रें वहिनींनीं आजवर जपून ठेवलीं आहेत. बंधूंच्या पश्चात् तें गांव एकदां डोळ्यांनीं पाहावें, एवढीच त्यांची इच्छा. तेव्हां प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता, व केवळ पैशाचाहि नव्हता. हल्लीं पुष्कळ घरांतून अशा प्रवासाचे बेत होतात आणि असे कागदहि घरीं येतात. म्हणून या महिन्यांत त्या कागदाचाच विचार करूं.

एंजिन हा एक प्रकारचा भाता आहे. प्रत्येक फेऱ्यांत तो ठराविक आकारमानाची हवा ओढतो. पण पेट्रोल जळतें तें हवेच्या आकारमानावर नव्हे, तर तिच्या वजनावर. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. आपण जसजसे उंच चढूं तसतसा हवेचा दाब उतरतो, आणि तेवढ्याच भात्यांत कमी वजनाची हवा मावते. पुण्यास समुद्रकांठाच्या मानानें हा दाब शेंकडा सहासातच कमी असतो, म्हणून तो आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. महाबळेश्वरास तो शेंकडा पंधरा कमी असतो. लेह सुमारें ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथें दाब दोनतृतीयांशच उरतो. आणि खार्दुंग ला या ५,३५९ मीटर उंचीच्या खिंडींत तो निम्म्याहून किंचित् अधिक, इतकाच. दर हजार फुटांस शेंकडा तीन शक्ति जाते, असा साध्या एंजिनाचा ठोकताळा आहे. लेहला तिसरा हिस्सा व खार्दुंग ला येथें अर्धी शक्ति गेली, तर त्यांत मोटारीचा दोष कांहीं नाहीं.

आतां ही नवी नळी काय करील? ती वाटेंतील अडथळा कमी करील, हें खरें. परंतु मूळची गाळणी स्वच्छ असेल, तर तिचा अडथळा सामान्य मोटारींत शेंकडा दोनचार हिश्श्यांच्या घरांतला असतो. हा अडथळा समूळ नाहींसा झाला असें क्षणभर मानलें, तरी नळीच्या तोंडाशीं जो दाब आहे त्याहून अधिक दाब ती आंत कोठून आणणार? विहीर आटल्यावर रुंद तोंडाची घागर सोडल्यानें पाणी वाढत नाहीं. कित्येक जण सांगतात कीं, नळीचें तोंड समोर ठेवलें म्हणजे वेगामुळें वारा आपण होऊन आंत दाबला जातो. पण ताशीं ६० किलोमीटर वेगास या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारांत दोन हिश्श्यांइतकाहि भरत नाहीं. आणि खिंडीच्या चढणीवर एवढा वेग तरी कोणाचा असतो? जेथें निम्मी शक्ति गेली आहे, तेथें ही भरपाई किती, तें वाचकांनींच ठरवावें.

उलट तोटा होण्याचा संभव मात्र खरा आहे. गाळणी एंजिनाशेजारीं उघडी बसविली, तर ती तेथील तापलेली हवा ओढते. हवा १० अंशांनीं तापली कीं सुमारें शेंकडा तीन हलकी होते. चढणीवर मोटार सावकाश चालते, पुढून वारा येत नाहीं, आणि टोपणाखालची हवा बाहेरच्यापेक्षां ३०–४० अंशांनीं अधिक तापते. म्हणजे शेंकडा दहाबारा हिस्से हवा आपण पैसे देऊन घालविली! दुसरी गोष्ट धुळीची. लडाखच्या कच्च्या वाटांवर पिठासारखी बारीक धूळ उडते. कापसाच्या गाळण्या हवेस जितक्या सैल, तितक्या बहुधा धुळीसहि सैल असतात, आणि आंत गेलेली धूळ एंजिनाच्या नळकांड्या झिजविते. तिसरी गोष्ट तेलाची, आणि ती मी स्वतः भोगलेली आहे. काहीं वर्षांपूर्वीं अशीच एक गाळणी मीं हौसेनें घरीं धुतली व सढळ हातानें तेल चोपडलें. तें तेल हवा मोजणाऱ्या तप्त तारेवर जाऊन बसलें, आणि बोरघाटांत गाडी गचके देऊं लागली. चूक सर्वस्वीं माझी होती. पण ऐन खिंडींत तीच चूक झाली असती तर? चवथी गोष्ट पाण्याची. मनाली-लेह मार्गावर बर्फ वितळून दुपारनंतर नाले फुगतात. थंड हवेच्या लोभानें नळीचें तोंड खालीं आणलें असेल, तर त्यांतून पाणी शिरून एंजिन कायमचें मोडण्याची भीति असते.

मग विरळ हवेस उपायच नाहीं काय? आहे, पण तो वाट रुंद करण्याचा नसून हवा दाबून भरण्याचा आहे. एंजिनांतून वाया जाणाऱ्या धुरानें चाक फिरवून हवा दाबावी, या कल्पनेचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस शिल्पज्ञानें १९०५ मध्यें घेतलें. १९१८ मध्यें सॅनफर्ड मॉस या अमेरिकन शास्त्रज्ञानें विमानाचें एक लिबर्टी एंजिन कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच शिखरावर चढवून नेलें. समुद्रसपाटीस ३५० अश्वशक्ति देणारें तें एंजिन तेथें २३० वर आलें होतें. ब्यूखीच्या तत्त्वावरील यंत्र जोडतांच तें ३५६ वर गेलें. यालाच आपण आज टर्बो म्हणतों. हल्लींच्या बहुतेक सर्व डीझेल मोटारींत व पुष्कळशा पेट्रोलच्या मोटारींत तो मुळांतच असतो, आणि उंचीवरची बरीचशी तूट तो आपल्या मर्यादेंत भरून काढतो. अशा मोटारीस बाहेरच्या नळीची गरज आणखीच कमी. जुन्या कार्बुरेटरच्या मोटारींना उंचीवर पेट्रोल प्रमाणाबाहेर जाई व त्या काळा धूर ओकीत; हल्लींचें यंत्र हवा मोजून पेट्रोल आपोआप कमी करतें. तेव्हां शक्ति घटली, तरी तेवढ्यानें मोटार बंद पडत नाहीं.

एवढ्यावरून बाहेरची प्रत्येक नळी टाकाऊच, असें मात्र कोणीं समजूं नये. उंच प्रदेशांतच ज्यांचा कायमचा वास आहे, किंवा ज्यांची मूळची पेटी फुटली आहे, त्यांनीं ती जरूर पाहावी. मात्र पाहतांना चार प्रश्न विचारावे. गाळणी बंद पेटींत असून बाहेरची थंड हवा घेते काय? धूळ अडविण्याच्या परीक्षेचा, म्हणजे आय. एस. ओ. ५०११ या प्रमाणाचा, लेखी निकाल दुकानदारापाशीं आहे काय? हवा मोजणारी तार मूळच्याच मापाच्या नळींत राहते काय? आणि मोटार बनविणाऱ्या कंपनीची हमी कायम राहील, असें कोणी लिहून देतो काय? चारांपैकीं एकाचेंहि उत्तर समाधानकारक नसेल, तर पैसे घरींच राहूं द्यावे.

पुतण्याला मीं हे चार प्रश्न लिहून दिले. दुसऱ्या दिवशीं तो दुकानांतून परत आला तो खट्टू होऊन. एकाहि प्रश्नास धड उत्तर मिळालें नव्हतें. वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाडीच्या श्वासाची एवढी चर्चा झाली, माझ्या श्वासाचें कोणी पाहिलें का?"

आम्ही दोघेहि ओशाळलों. मोटारीपेक्षां माणसाचा भाता अधिक नाजूक, आणि त्यास टर्बो बसवितां येत नाहीं, हें एंजिनाचा हिशेब मांडणाऱ्या आम्हांला सुचूं नये! दुसऱ्याच दिवशीं वहिनींस डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं हृदय व रक्तदाब तपासून, सावकाश चढण्याच्या अटीवर, अनुमति दिली. मनालीचा मार्ग सोडला. कारण त्या वाटेवर ५,००० मीटरांहून उंच खिंडी आहेत व मुक्कामहि पुष्कळ उंचावर पडतो. श्रीनगरहून निघावयाचें, २,६७६ मीटरांवरील कारगिलला दोन रात्रीं थांबावयाचें, मार्गांतील सर्वांत उंच अशी ४,१०८ मीटरांची फोटू ला दिवसाउजेडीं ओलांडावयाची, आणि लेहला पोहोंचल्यावर पहिले दोन दिवस केवळ विश्रांति, असें ठरलें. गाडीस मूळच्याच जातीची कागदी गाळणी नवी घातली, आणि एक जादा बरोबर दिली; दोहोंस मिळून हजार रुपयेहि लागले नाहींत. उरलेल्या रकमेंत वाढीव मुक्कामांचा खर्च भागला.

फोटू लाच्या चढणीवर गाडी कुथत चालली, असें पुतण्या सांगतो. सामान कमी ठेवलें होतें, गिअर खालचा होता, आणि घाई कोणासहि नव्हती. खार्दुंग ला येथें तो एकटाच जाऊन आला. शेवटचा चढ पहिल्या गिअरमध्येंच काढावा लागला, पण गाडी अडली नाहीं. त्या दिवशीं वहिनी लेहच्या बाजारांत उन्हाला बसून होत्या. बरोबर नेलेल्या पत्रांपैकीं एकांत बंधूंनीं लिहिलें होतें कीं, येथें चार पावलें चाललें तरी थांबावें लागतें, म्हणून मनुष्य आजूबाजूस पाहावयास शिकतो. परत आल्यावर वहिनींनीं तें पत्र मला प्रथमच वाचावयास दिलें.