अननस जरा बाजूला ठेवा

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या मराठी घरातलं पोर सहाव्या वर्षी ‘ख्रूप ३’मध्ये, म्हणजे आपल्या पहिलीत जातं. तिथे ‘एम’ असं नाव घोकत नाहीत. ओठ मिटून नुसतं ‘म्‌म्‌म्’, मग ‘आ’, मग ‘न्’. जोडलं की ‘मान’, म्हणजे डचमध्ये चंद्र. रविवारी घरी आपण मात्र ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ ज्ञानेश्वरांचा’पर्यंत आगगाडी सोडतो. (‘ञ’वाचून कुणाचं काय अडलंय?) फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने ही गाडी कधीच सोडून दिली: थोडी अक्षरं, सोबतच काना-मात्रा आणि लगेच शब्द. या रविवारी म, क, र आणि काना एवढंच घ्या. मामा, काका, मका, काम, राम तेवढ्यातच येतात.