टेबलावर वाकलेलं पोर वाया गेलेलं नाही

गणपतीत हेदवीला आलेल्या एका गृहस्थांनी आरतीनंतरच्या गप्पांत निकालच देऊन टाकला: कॉलेजातल्या पोरानं बिलियर्ड्सच्या जातीतला पूल खेळायला घेतला की त्याचं शिक्षण संपलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हा खेळ परदेशी, नशिबाचा, म्हणजे जुगारच. तिथली संगत वाईट. आणि अभ्यास व खेळ अशा दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतोच. चिपळूणला शिकणारा आमच्या वाडीतला एक मुलगा तिथेच मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याचा खेळ बंद केला. मला राग आहे तो याचा.

परदेशीपणाचं उत्तर एका ओळीचं आहे: याच घराण्यातला स्नूकर १८७५ साली आपल्या जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला.

नशिबाचा आरोप मात्र मी सहज सोडणार नाही. या गृहस्थांनी कधी टेबलाजवळ उभं राहून पाहिलं आहे का? पांढऱ्या चेंडूच्या बरोबर मध्यावर क्यूची काठी लागली आणि तो न घरंगळता, नुसता घसरत जाऊन दुसऱ्या चेंडूला तिरका आदळला, तर दोघांच्या वाटा जवळजवळ काटकोनात फुटतात. सारख्या वजनाच्या दोन चेंडूंची टक्कर. अकरावीच्या भौतिकशास्त्रात हीच असते. पण अंतर लांब असेल तर पांढरा कापडाच्या घर्षणानं वाटेतच घरंगळू लागतो आणि काटकोन मोडतो. म्हणून मुरलेला खेळाडू थोडा खाली मारतो, म्हणजे उलटी फिरकी वाटेत जिरते आणि आदळताना चेंडू पुन्हा नुसता घसरत असतो. किती खाली, ते अंतरावर आणि जोरावर ठरतं. शिवाय हा चेंडू पॉकेटात घालून भागत नाही, पुढच्या चेंडूसाठी पांढरा कुठे थांबवायचा ते आधी ठरवावं लागतं. पट्ट्या असलेले सात, नसलेले सात आणि शेवटी काळा आठ नंबर. आपले सात कोणत्या क्रमानं काढायचे याचा आराखडा ब्रेकनंतर लगेच डोक्यात मांडावा लागतो. चॉक लावता लावता पोरगा जो गप्प उभा असतो, तो हे गणित करत असतो. याला नशीब म्हणायचं, तर गणिताच्या पेपरातल्या मार्कांनाही नशीबच म्हणा.

आणखी एक सांगतो. भूगोलाच्या पुस्तकात कोरिऑलिस हे नाव येतं. विषुववृत्त ओलांडून येणारे वारे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी होऊन आपल्या किनाऱ्यावर धडकतात, ते त्याच्या नावाच्या परिणामामुळे. याच फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. हेदवीच्या बामणघळीत पावसाळ्यात उसळणारं पाणी ज्या वाऱ्यांनी खवळतं, त्यांना वळवणाऱ्या परिणामाला ज्याचं नाव आहे, त्या माणसाला टेबलावरचे चेंडू अभ्यासाचा विषय वाटले. आमच्या गृहस्थांना ते बिघडण्याचं लक्षण वाटतं!

हा वाद जुनाच आहे. वाडीतल्या मंडळात कॅरम बोर्ड आला तेव्हा पोरं पावडरीत बुडणार असं म्हणत होते. नमनात सोंग घेणारा मुलगा दहावीला बसणार नाही, असंही म्हणून झालं. मुलगी शिकायला मुंबईला गेली की हाताबाहेर गेली, हे तर मी अजून ऐकतो. पुरावा मागितला की दरवेळी आवाज चढतो, पुरावा येत नाही.

राहिले दोन दगड. मुंबईचे मायकेल फरेरा बिलियर्ड्सचे तीनदा जागतिक हौशी विजेते, १९७७, १९८१ आणि १९८३ साली. त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं होतं. गीत सेठी एमबीए. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणी २००३ मध्ये अठराव्या वर्षी स्नूकरचा जागतिक विजेता झाला आणि वाणिज्य शाखेचा पदवीधरही झाला. कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय कोण? १९५८ साली बिलियर्ड्स जिंकलेला विल्सन जोन्स, जन्मानं पुणेकर.

संगतीबद्दल एवढंच, की वाईट संगत एसटी स्टँडवरही मिळते.

पैशाचा मुद्दा त्यांनी काढला नाही, पण तो खरा आहे. टेबलाचं भाडं तासावर चालतं आणि बऱ्याच पार्लरांत हरणारा सगळे पैसे भरतो. ही पैज आहे, ती मोडलीच पाहिजे. भाडं निम्मं निम्मं, आठवड्यातल्या ठरल्या दोन संध्याकाळी, तेही दिवसभराची लेक्चरं झाल्यावर, आणि परीक्षेच्या महिन्यात क्यूला हात नाही. आईबापांनी एकदा पार्लरमध्ये जाऊन मुलाचा खेळ बघावा. आणि कॉलेजांनी जिमखान्यात कॅरम आणि टेबल टेनिसशेजारी पूलचं एक टेबल मांडावं, ओळखपत्र दाखवून खेळायचं, ठरावीक वेळेत. मग भाडं, संगत आणि वेळ, तिन्हींवर नजर ठेवायला कॉलेजचाच माणूस असेल. चिपळूणच्या त्या मुलाला त्याच्या वडिलांनी तोवर निदान आठवड्याची एक संध्याकाळ परत द्यावी. मी त्यांना तसं सांगणार आहे.