युक्तीला उपपत्तीची जोड हवी

वार्षिक परीक्षा संपून शाळांना सुट्टी लागली की शहरोशहरी वेगवान गणिताच्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. कोठे अबॅकसचे मणी असतात, कोठे 'वैदिक गणित' असा फलक असतो. आपला मुलगा किंवा मुलगी मोठमोठे गुणाकार पापणी लवण्याच्या आत करील, या आशेने पालक भरभक्कम शुल्क भरतात. संस्कारवर्गांतून आणि सुट्टीतील शिबिरांतूनही अशा युक्त्या आवर्जून शिकवल्या जातात. मुलांना त्यात गंमत वाटते, गणिताची भीती थोडी ओसरते, ही जमेची बाजू नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, युक्ती हाती आल्यानंतर त्या मुलाला गणित किती समजले?

या वर्गांतील एक लोकप्रिय उदाहरण पाहावे. ९७ ला ९६ ने गुणायचे आहे. शंभराला ९७ तीनने कमी आणि ९६ चारने कमी. ९७ मधून ४ वजा केले की ९३. तीन चोक बारा. दोन्ही शेजारी शेजारी मांडले की उत्तर ९३१२. उत्तर अचूक आहे आणि ते पाच सेकंदांत येते. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर हा प्रयोग झाला की कौतुकही होते. पण ४ वजा का करायचे आणि १२ शेजारी का मांडायचे, असे त्याच मुलाला विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही, कारण ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

वास्तविक हे कारण चौथीच्या मुलालाही समजेल इतके सोपे आहे. ९७ शंभर वेळा घेतले तर ९७०० होतात. घ्यायचे होते ९६ वेळा, म्हणजे चार वेळा जास्त घेतले गेले. तेव्हा ९७ ची चौपट वजा केली पाहिजे. ही चौपट ४०० पेक्षा १२ ने कमी आहे. सोयीसाठी पूर्ण ४०० वजा केले तर ९३०० उरतात, आणि जास्त वजा झालेले १२ परत मिळवले की ९३१२ होतात. येथे जादू नाही आणि गूढही नाही. हे कारण ज्याला कळले, त्याला युक्ती विसरली तरी पुन्हा शोधून काढता येते.

कारण न कळलेल्या मुलाची अडचण लगेच उघडी पडते. त्याला ४७ गुणिले ३८ हे उदाहरण द्यावे. शिकवल्याप्रमाणे तो शंभरातून वजाबाकी करील. हाती येतील ५३ आणि ६२. आता त्या दोहोंचा गुणाकार मूळ गुणाकाराहून अवघड! ४७ म्हणजे ५० ला ३ कमी, म्हणून ३८ ची पन्नासपट १९०० आणि त्यातून ११४ वजा, उत्तर १७८६, हा सरळ मार्ग त्याला सुचत नाही. त्याच्या हाती एका कुलपाची एक किल्ली दिलेली असते. कुलूप कसे चालते हे दाखवलेले नसते.

या युक्त्यांना दिल्या जाणाऱ्या नावाचाही एकदा स्वच्छ विचार झाला पाहिजे. 'वैदिक गणित' या नावाने प्रसिद्ध असलेली सोळा सूत्रे पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या ग्रंथातून आली. स्वामीजी १९६० मध्ये ब्रह्मलीन झाले आणि हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक डॉ. वासुदेवशरण अग्रवाल यांनीच प्रास्ताविकात नोंदवून ठेवले आहे की, ही सूत्रे अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत आढळत नाहीत. स्वामीजींची प्रतिभा आणि त्यांचा अंकांचा व्यासंग यांविषयी आदर बाळगूनही ही नोंद दडवून ठेवण्याचे कारण नाही. वेदांविषयीची श्रद्धा वेदांच्या नावावर काहीही खपवून वाढत नाही. उलट एखाद्या चिकित्सक विद्यार्थ्याने पुढे मूळ ग्रंथ चाळले आणि त्यात ही सूत्रे मिळाली नाहीत, तर जे खरोखर आहे त्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

आणि जे खरोखर आहे ते थोडके नाही. यजुर्वेदात एक, दश, शत, सहस्र अशा दहाच्या पटीत परार्धापर्यंत, म्हणजे एकावर बारा शून्यांपर्यंतच्या संख्यांची नावे आहेत. घरोघरी रुद्राबरोबर म्हटल्या जाणाऱ्या चमकाच्या अकराव्या अनुवाकात आधी एकपासून तेहतीसपर्यंत विषम संख्या येतात आणि मग चार, आठ, बारा, सोळा अशा क्रमाने अठ्ठेचाळीसपर्यंतच्या संख्या येतात. ज्या घरात अभिषेक होतो, त्या घरातील मुलाला हा चारचा पाढा त्या मंत्रांतून ऐकवता येईल. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी रचण्यासाठी लागणारी भूमिती आहे. बौधायनांनी आयताच्या कर्णाविषयी सांगितलेला नियम शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकवला जातो. हे सारे मूळ ग्रंथांत पडताळून पाहता येते.

गुणाकाराच्या रीतींसाठी तर भास्कराचार्यांकडेच जावे. इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' हा त्याचाच अंकगणिताचा भाग. त्यात १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे आणि त्यासाठी एक नव्हे, अनेक रीती सांगितल्या आहेत. बाराने थेट गुणावे. किंवा बाराचे ८ आणि ४ असे भाग करून १०८० आणि ५४० यांची बेरीज करावी. किंवा बारा म्हणजे तीन चोक, म्हणून आधी तीनने गुणून ४०५ आणि मग चारने गुणून १६२० मिळवावेत. किंवा एकक आणि दशक या स्थानांनी वेगवेगळे गुणावे. किंवा सोयीची संख्या धरावी: वीसने गुणून २७०० करावेत आणि आठपट, म्हणजे १०८०, वजा करावी. प्रत्येक वाटेने उत्तर १६२० च. शेवटच्या रीतीला इष्टगुणन म्हणतात. ९७ आणि ९६ ची ती युक्ती हे या इष्टगुणनाचेच एक रूप आहे.

भास्कराचार्यांच्या या मांडणीतून शिक्षणाची एक दृष्टी दिसते. एकच उदाहरण, अनेक मार्ग आणि मार्ग निवडण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला. ही दृष्टी महाराष्ट्रात पुढेही जपली गेली. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला होता. सोळाव्या शतकात कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती, म्हणजे ते नियम खरे का ठरतात याची कारणे, दिली. नियम सांगून थांबायचे नाही, त्याची उपपत्ती द्यायची, ही आपल्या गणितपरंपरेची शिस्त आहे. आजच्या वर्गांत सूत्र राहिले आणि उपपत्ती गळाली, ही खरी खंत आहे.

ग्रंथांबरोबरच घरातही गणित होते. दिवेलागणीला शुभंकरोति झाले की मुले परवचा म्हणत. त्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असताना या अपूर्णांकांच्या पाढ्यांवाचून बाजारात पाऊल टाकता येत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ वजनमापेही दशमान झाली आणि ही पाठांतरे मागे पडली. तो बदल योग्यच होता. पण मंडईत आजही पाव किलो, सव्वा किलो, दीड किलो, अडीच किलो हेच शब्द चालतात. छत्तीस रुपये किलोने दीड किलो कांद्याचे किती, हा हिशेब अठरा ही छत्तीसची निमपट ठाऊक असलेल्याला क्षणात येतो.

मराठी संख्यानामांतही एक युक्ती लपलेली आहे. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, विसाला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे सारे तसेच. एकोणीस साती किती? वीस साती एकशे चाळीस, त्यातून सात वजा, एकशे तेहतीस. इष्टगुणन येथे शब्दातच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशी वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की, जोडाक्षरांमुळे आणि उलट क्रमामुळे मुले अडखळतात. ही अडचण काल्पनिक नव्हती. मात्र 'वीस नऊ' म्हटल्याने लेखनाचा क्रम कळतो, तर 'एकोणतीस' म्हटल्याने तिसाशी असलेले नाते कळते. शिक्षकाने दोन्हींचा अर्थ उलगडून दाखवला, तर त्यांपैकी एक टाकण्याची वेळच येणार नाही.

हा विषय केवळ हौसेचा नाही. 'असर' या पाहणीनुसार २०२२ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होते. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आले. सुधारणा आहे, पण दहांतील सात मुले अद्याप बाहेरच आहेत. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी बिनचूक करत होती. पण तशाच क्रिया शाळेतील उदाहरणांच्या रूपात समोर आल्या की अडखळत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांची स्थिती नेमकी उलट होती. बाजारातील युक्ती आणि वहीतील रीत यांच्यामध्ये पूल नाही, असा याचा अर्थ. तो पूल उपपत्तीचाच बांधावा लागेल.

यासाठी महागड्या वर्गांची गरज नाही. घरी रोज दहा मिनिटे परवचा व्हावी. पाढे पाठ असणे आवश्यकच आहे. तीन चोक बारा हे आठवावे लागत असेल तर कोणतीही युक्ती चालणार नाही. पण पाठांतराबरोबर 'उत्तर किती' या प्रश्नाला 'कसे काढलेस' या प्रश्नाची जोड द्यावी. एकच गुणाकार दोन वाटांनी करवून घ्यावा. दोन्ही उत्तरे जुळली की मुलाला शिक्षकाच्या बरोबरच्या खुणेची वाट पाहावी लागत नाही. युक्ती शिकवलीच, तर ती कोठे उपयोगी पडत नाही हेही त्यालाच शोधू द्यावे. संस्कारवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी सोळा सूत्रांच्या जोडीला 'लीलावती'तील ते एक उदाहरण फळ्यावर मांडावे आणि भास्कराचार्य कोण, पाटण कोठे आहे, हेही सांगावे.

परंपरेचा अभिमान मुलांच्या मनात रुजावा असे वाटणे स्वाभाविक आहे. तो वेगाच्या चमत्कारावर उभा केला, तर पहिल्या गणनयंत्रासमोर कोसळेल, कारण वेगात यंत्राची बरोबरी कोणी करू शकणार नाही. तो कारण विचारण्याच्या आणि कारण देण्याच्या सवयीवर उभा केला, तर टिकेल. गणेश दैवज्ञांनी जे केले ते प्रत्येक मराठी घरातील आईवडिलांना आपल्या परीने करता येण्यासारखे आहे: मुलाने 'असे का?' म्हणून विचारले की पाटी जवळ ओढून ते समजावून सांगणे.