परतीच्या वाटेचे टायर

दसऱ्याला आमच्या सोसायटीच्या आवारात मोटारींची पूजा होते. बॉनेटवर झेंडूची माळ, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक, आत पेढ्यांचा पुडा आणि चाकाखाली लिंबू. मान सारा बॉनेटचा. चाकाच्या वाट्याला येते ते लिंबू, आणि तेही चिरडण्यासाठी! ज्या चार रबरी चाकांवर आपला संसार ताशी शंभर किलोमीटरने धावतो, त्यांच्याकडे वाकून पाहण्याची आपल्याला सवयच नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीत या सदरातून टायरांनाच ओवाळायचे मी ठरविले आहे.

निमित्त आमच्या पुतण्याचे. तो पनवेलला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो, नोकरी पुण्याला. आठवड्यातून तीन दिवस कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागायचे, बोरघाट चढायचा आणि रात्री उतरायचा. एवढ्याने माणसाची मोटारीची हौस फिटावी की नाही? पण त्याला ट्रॅकचे वेड लागले. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० पासून शर्यतीचा ट्रॅक आहे. एक फेरी ३.७ किलोमीटरची. शर्यती नसतात तेव्हा काही दिवशी हौशी मंडळींना पैसे भरून आपली रोजची गाडी तेथे पळविता येते. ना समोरून ट्रक, ना आडवी म्हैस. वेगाची हौस रस्त्यावर फेडण्यापेक्षा तेथे फेडावी, हे माझेही मत. तेव्हा वहिनींची समजूत घालणाऱ्यांत मीच पुढे होतो.

“काका,” पुतण्या म्हणाला, “टायर बदलायला झालेत. असा एकच सेट हवा की रोज पुण्यालाही चालेल आणि ट्रॅकवरही शोभेल.”

वाचकहो, मागणी साधी दिसते. पण घरात नेसायला आणि लग्नात मिरवायला एकच लुगडे मागण्यासारखी ती आहे. का, ते पाहू.

मोटार जमिनीला टेकते ती किती? एका टायरची जेमतेम तळहाताएवढी जागा. गाडी धरून ठेवायची, वळवायची आणि थांबवायची ती या चार तळहातांनी. रबर मऊ असेल तर ते रस्त्याच्या खरबरीत अंगाला घट्ट चिकटते, पण लवकर झिजते. कडक असेल तर वर्षानुवर्षे टिकते, पण पकड कमी. शर्यतीच्या टायरला कोरड्या दिवशी नक्षीच नसते. खाचा नाहीत म्हणजे जमिनीला टेकणारे रबर जास्त. मात्र ते तापल्याशिवाय धरत नाही आणि पाण्यात तर त्याचा काहीच उपयोग नाही. उलट रोजच्या टायरच्या खोल खाचा असतात त्या पाणी बाहेर काढून देण्यासाठी. तो ट्रॅकवर सात-आठ फेऱ्या जोरात पळवला की तापून तुपकट होतो, आणि खाचांमधले रबराचे उंच ठोकळे डुलतात, कधी कडेला फाटतातही. म्हणजे एकाचा गुण तोच दुसऱ्याचा अवगुण.

या दोहोंच्या मधले टायरही मिळतात. रबर मऊ, खाचा उथळ, खांदे भक्कम. काही टायरांच्या अंगावर ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे आकडा असतो. १०० हा धरलेला मूळ आकडा. ४०० म्हणजे त्याहून पुष्कळ टिकाऊ. मधल्या जातीचे टायर बहुधा २०० च्या आसपास. हा आकडा कारखानदार स्वतःच ठरवतो, तेव्हा दोन कारखान्यांचे आकडे सोन्याच्या काट्यावर तोलू नयेत. पण अंदाज येतो.

पुतण्याने एका दुकानदाराच्या सल्ल्याने असे टायर घेतले. मी खाली जाऊन पाहिले, हात फिरवला आणि “वा!” म्हटले. एवढेच म्हटले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो चेन्नईला जाऊन आला. येताना चेहरा असा उजळलेला, की जणू मॅट्रिकला पहिला आला होता!

मग आला आपला कोकणातला पाऊस. नारळीपौर्णिमेला आम्ही सारे त्याच गाडीतून अलिबागला निघालो. मी पुढे, मागे वहिनी आणि सूनबाई. वहिनींच्या मांडीवर नारळीभाताचा डबा. पळस्पे सोडले, कर्नाळ्याची खिंड जवळ आली, सर कोसळत होती. वेग ताशी सत्तरच्या आसपास, म्हणजे अगदी बेताचा. रस्त्याच्या एका सखल भागात पाणी साचले होते. गाडी त्यात शिरली आणि पुतण्याच्या हातातले स्टिअरिंग एकदम हलके झाले. गाडी त्याची राहिली नाही, पाण्याची झाली. ती शेजारच्या पट्ट्यात अर्धी सरकली, क्षणभर तरंगली आणि पुन्हा जमिनीला लागली. मागून काही येत नव्हते म्हणून हे सदर लिहायला मी उरलो. नारळीभात मात्र पायांशी सांडला होता. कोणी बोलले नाही. पेणपर्यंत गाडीत फक्त काचेवरच्या वायपरचा आवाज होता.

अलिबागला पोहोचल्यावर आम्ही दोघे चाकापाशी उकिडवे बसलो. मुळातच उथळ खाचा, त्यात ट्रॅकवर आणि घाटात झिजलेल्या. टायरच्या खाचेत रबराचा छोटा उंचवटा असतो. बाकीचे रबर झिजत त्याच्या बरोबरीला आले, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानेही बाद. आमचे टायर तेथवर आले नव्हते. पण पाणी कायद्याचे पुस्तक वाचून वागत नाही. तीन मिलिमीटरच्या खाली खाच गेली की भर पावसात टायरचा भरवसा झपाट्याने उतरतो. हे मला ठाऊक होते. वर्षानुवर्षे मी हेच लिहीत आलो आहे. पण घरच्या मुलाची हौस पाहून मी “वा!” म्हणून मोकळा झालो होतो. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याने विचारले होते, “ट्रॅकला जाता का?” आणि पुतण्याने “हो” म्हटले होते. “श्रावणात आईला घेऊन कुठे जाता का?” हे विचारायचे काम माझे होते.

टायर निवडण्यात चुकतात ते काही आपणच नव्हे. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शर्यत होती. मिशेलिनसारख्या जगप्रसिद्ध कंपनीचे टायर तेथल्या एका कललेल्या, वेगवान वळणावर टिकेनात. आदल्या सरावात ते निकामी झाले. शेवटी शर्यतीच्या तोंडावर वीसपैकी चौदा गाड्या माघारी गेल्या आणि ब्रिजस्टोनच्या टायरांवरच्या सहाच धावल्या. त्या सहांत कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारा पहिला भारतीय ठरला. बाकी साऱ्या वळणांना उत्तम असलेला टायर एका वळणाने बाद ठरवला. आपले ते एक वळण म्हणजे भर पावसातला रस्ता आणि मागच्या आसनावरची माणसे.

तेव्हा निवड करताना मी आता असे सांगतो. ट्रॅकवर वर्षातून एकदा-दोनदाच जाणार असाल तर टायर रस्त्याचाच घ्यावा. ओल्यात उत्तम पकड देणारा आणि खांद्याला भक्कम. ट्रॅकवर फेरीला काही सेकंद जास्त लागतील, लागू द्यावेत. चार-पाच फेऱ्या झाल्या की एक फेरी सावकाश मारून त्याला निवू द्यावे. वारंवार जाणार असाल तर चार रिम जास्तीच्या घेऊन दुसरा सेट ठेवावा. मात्र तो गॅलरीत उघडा ठेवू नये. पावसाचे पाणी साचून डेंग्यूच्या डासांची त्यात वसाहत होते. मधल्या जातीचा एकच सेट त्यानेच घ्यावा, ज्याची ती गाडी पावसाळ्याचे चार महिने घरी उभी राहू शकते.

टायरच्या अंगावरची अक्षरेही वाचायला शिकावे. ‘१९५/५५ आर १६ ८७ व्ही’ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १६ इंची. ८७ म्हणजे एका टायरने ५४५ किलो भार पेलावा, आणि ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगाला तो टिकावा. टिकावा, बरे का! पकड किती, हे ते अक्षर सांगत नाही. चार आकड्यांचा एक शिक्काही असतो. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. दुकानात जुना माल गळ्यात पडू नये म्हणून तो पाहावा.

आणि शेवटची गोष्ट हवेची. ट्रॅकवर टायर तापतो, आतली हवा फुगते, म्हणून मंडळी ती थोडी सोडतात. तेथे ते बरोबर आहे. पण रात्री टायर निवतो आणि सकाळी हवा फारच कमी भरते. तशीच गाडी महामार्गाला घातली तर टायरची बाजू दर फेरीला दबते, तापते आणि भर वेगात फुटू शकते. घरी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरलीच पाहिजे.

पुतण्याच्या डोक्यावर घराच्या कर्जाचे हप्ते आहेत. दोन सेट त्याला परवडेनात. त्याने गेल्या गणपतीपूर्वी रस्त्याचेच चार टायर घेतले. यंदा फेब्रुवारीत पुन्हा चेन्नईला गेला. त्याची वेळ पहिल्यापेक्षा वाईट आली, हे त्याने मला फोनवर सांगितले. आवाजात थोडी खंत होती. मी “वा!” म्हटले, आणि या वेळी मनापासून म्हटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तेथून परत निघाला तेव्हा वहिनींनी फोन घेतला. वेळ किती आली, नंबर कितवा लागला, यातले काहीच त्यांनी विचारले नाही. एवढेच म्हणाल्या,

“निघालास का रे? हवा भरलीस ना?”