क्रेन धड, बंदर ठप्प
बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे आणि सात अंक रंगवलेले असतात. त्यांतील शेवटचा अंक आधीच्या सर्व चिन्हांवरून गणिताने काढलेला असल्यामुळे क्रमांक वाचताना कॅमेऱ्याची वा कारकुनाची चूक झाली, तर ती बहुधा तिथेच पकडली जाते. या क्रमांकाच्या आधारे कोणता कंटेनर यार्डात कोठे रचायचा आणि कोणत्या ट्रेलरवर चढवायचा हे ठरवणारी संगणकप्रणाली, म्हणजे टर्मिनल ऑपरेटिंग सिस्टिम, आज बंदराची खरी मुकादम झाली आहे. न्हावा शेवा येथे २०१६ पासून कंटेनरला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप, लावून बंदराबाहेरही त्याचा माग ठेवला जातो, आणि ही सोय निश्चितच मोलाची आहे. परंतु २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या नॉटपेट्या या संगणकीय विषाणूने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे बंद पाडले, तेव्हा याच कंपनीचा समूह चालवत असलेल्या न्हावा शेवाच्या एका टर्मिनलवरही क्रेन धड असताना मालाची ये-जा अडली. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, आणि जाळ्यातील वापरकर्त्यांची मूळ नोंद वाचली ती केवळ घानातील कार्यालयाची वीज गेल्यामुळे तेथील सर्व्हर त्या वेळी बंद होता म्हणून. एवढ्या मोठ्या व्यापाराची सुटका योगायोगावर अवलंबून राहावी हे अत्यंत चिंताजनक असून, माहितीच्या जाळ्यापासून तोडून ठेवलेल्या प्रती आणि कागदी गेटपासवर काम चालवण्याचा नियमित सराव यांचा खर्च स्वयंचलनाच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला गेला पाहिजे.